राफेलमामाचा मलिदा

पनवेल, १६ ऑगस्ट १९५९

लीयाताई,

शालोम, खुशाली, जुडाहभाऊजींना सलाम, बथूला गोड पापा, हे सगळं आईच्या पत्रात घातलंय. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तिची पत्रं मीच लिहिते आणि तुझी आली की तिला मीच वाचून दाखवते. हे तुला माहीत आहे, म्हणून तर तू मला वेगळी ओळ लिहीत नाहीस. पण हे पत्र माझं आहे. आईला याचा पत्ता नाही.

तुझं पत्र नेमकं बिरड्याच्या रोज्याच्या दिवशी आलं. संध्याकाळी रोजा सोडायला केळीच्या पानावर भात आणि वालाचं बिरडं वाढलेलं. आई, राफेलमामा आणि मी. आई म्हणाली, घास नंतर, आधी माझ्या लेकीचं पत्र वाच. मी वाचलं. मामाचे इस्राएलला यायचे कागद मंजूर झाले, तो तुमच्याचकडे राहणार, मागची खोली त्याला आणि बथूला मिळून. "बथूला मराठी येत नाही, मामा शिकवतील, पोरीला आजोबा मिळतील." हे मी माझ्या तोंडाने मोठ्यांदा वाचलं, ताई! समोर मामा बोटं चाटत बसला होता. म्हणाला, "किती वर्षांची झाली गं आपली बथू?" आई म्हणाली, "नऊ."

मी पान उचललं आणि भिंतीवर मारलं. वाल चुन्याला चिकटून राहिले. आई उठली, आणि हाताला लागली त्या पळीने मला झोडलं. पळी आमटीतली होती, दंडावर फोड आलाय. आणि मामा काय म्हणाला? "मारू नकोस गं तिला, उपाशीपोटी डोकं फिरतं तिचं." किती माया!

तुला सांगायला हवं का? बरं, सांगते. कोणीतरी एकदा कागदावर लिहायला हवं. बाबा गेले, मामा आपल्याकडे राहायला आला, कचेरीतला पगार आईच्या हातात ठेवू लागला आणि आईने त्याला घरचा कर्ता केला. मी नऊ वर्षांची असताना तो माळ्यावर यायला लागला. पोरीच्या अंगाशी कोणी करू नये ते त्याने केलं, आणि एकदा करून थांबला नाही. नंतर कोटाच्या खिशातून पुडी काढायचा. गूळ-खोबरं घातलेले पोहे, मलिद्यासारखे. मूठभर माझ्या तोंडात कोंबायचा आणि म्हणायचा, "मुकाट्याने गीळ." तोंड भरलेलं असलं की पोर ओरडत नाही. हुशार माणूस, कचेरीत उगीच नाही हेडक्लार्क झाला.

त्या खोलीत बथूला झोपवू नकोस. त्याला घरात घेऊच नकोस. मला मोठं पत्र नको, माया नको, काही नको. मामाला एक ओळ लिही: तुम्ही येऊ नका.

हदासा


पनवेल, १० सप्टेंबर १९५९

लीयाताई,

तुझं उत्तर मिळालं. म्हणजे आईच्या पत्राच्या तळाशी, चेंगरून: "हदासाला म्हणावं जुनं उकरू नकोस, मामा आता म्हातारे झाले. आणि नीट जेवत जा म्हणावं." ही ओळ मी आईला वाचून दाखवली नाही. तिथे मी म्हटलं, लीया म्हणते भावाला जपा.

नीट जेव! अगं, हे दोन शब्द ऐकून ऐकून माझे कान किटले. तू तरी म्हणायला नको होतंस. मी जेवायची का थांबले हे तुला आठवत नाही? सुरुवात पोह्यांपासून झाली. मग नारळ. मग गोड काहीही. मग जे जे तोंडात मऊ होतं ते सगळं. घास तोंडात गेला की तो हातही बरोबर यायचा. गिळला तर आतून घाण झाल्यासारखं वाटायचं, मग मी परसात जाऊन ओकायची. तेव्हाच हलकं वाटायचं. अजूनही वाटतं, खोटं कशाला बोलू.

आणि आपली माणसं! दुसऱ्या कुठल्या घरात मी एवढी वर्षं लपले असते का? आपल्याकडे रोजे काय कमी? बिरड्याचा रोजा, दारफाळणीचा रोजा, आणि सणांच्या आधीचा तो महिना, ज्याला आपल्या म्हाताऱ्या रमजान म्हणतात. मी सगळे धरले. जे कोणी धरत नाही तेही धरले. कोणी ताट पुढे केलं की म्हणायचं, आज माझा रोजा आहे, एलियाहू हन्नाबीला नवस बोललेय. की झालं! आपल्या मशिदीत (तू आता सिनेगॉग म्हणत असशील) बायका माझी दृष्ट काढायच्या. दमयंतीकाकू शेजारची, आपल्यातली नाही, तीही आपल्या सुनांना सांगायची, बघा जरा ती इस्राएलांची पोर. प्रार्थना चालवणाऱ्या हज्जानांनी सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. आईच्या चेहऱ्यावर त्या दिवशी काय तेज होतं! पोर वाळत चाललीय, आणि घरभर कौतुक.

पुढे हाडं दिसायला लागली, पाळी बंद झाली, तेव्हा कुठे सगळे घाबरले. मग सुरू झालं भरवणं. तू ते विसरलीस म्हणालीस तर तुझ्या दारात येऊन तुझी मान धरीन. आई माझ्या छातीवर बसली होती. तू नाक दाबलं होतंस. आणि चमचा कोणाच्या हातात होता, लीयाताई? मी दात आवळले, त्याने चमचा आडवा घालून जोर लावला, आणि माझा पुढचा दात तुटून पेजेत पडला. आई रडत होती आणि म्हणत होती, "गीळ गं, माझी बाय, गीळ." तोही तेच म्हणत होता. तुझ्या हाताला मी चावले होते. तो वण आहे का अजून?

त्यातूनही जमेना म्हणून बैलगाडीत घालून मला जासईला नेलं, तिथल्या एका वैदूकडे. त्याने सळई तापवून पोटावर डाग दिले. भूक लागेल म्हणाला. कातडी जळाल्याचा वास आला, म्हणून मी तीन दिवस पाणीसुद्धा पोटात ठेवलं नाही. पुढे तुझं लग्न झालं, तू बोटीत बसलीस आणि सुटलीस. मला बघायला दोन घरचे आले. दुसऱ्या घरची होऊ घातलेली सासू उठता उठता म्हणाली, आम्ही मुलगी बघायला आलो होतो, सांगाडा नाही.

मी एकाच माणसासमोर खाते. साळू. ती कातकरीण, भात कांडायला येते ना, विटांच्या भट्टीवरून सुटली की. ती परसात तिचे भाजलेले करांदे, रानातले कंद, काढते, एक माझ्याकडे टाकते आणि पाठ फिरवून बसते. "खा गो. मी नाय बगत. बगून काय माजं पोट भरनार हाय?" काल तिला मी विचारलं, तुला कोणी कधी हात लावला का गं? म्हणाली, "लावला ना मुकादमान. अंगटा तोंडात घावला तवा अर्दा तोंडातच ठिवला मी." आणि हसली, पोट धरधरून हसली. मीही हसले. मग मला रडू आलं आणि करांदा तसाच हातात राहिला.

मामाने नवा कोट शिवायला टाकलाय. एक ओळ लिही, ताई. तुझ्या पाया पडते. येऊ नका, एवढंच.

हदासा


पनवेल, १४ ऑक्टोबर १९५९

लीया,

ताई म्हणवत नाही आज.

दारफाळणीच्या दुसऱ्या दिवशी, काल, तुझा फोटो आला. तू, भाऊजी, बथू, मागे वाळवंट. आईने फोटो डोळ्यांना लावला आणि विचारलं, कशी दिसते माझी लीया? मी म्हटलं, छान दिसते, भरलीय. भरलीस कसली, मेली, त्या फोटोत मावत नाहीस! चेहऱ्यातले डोळे शोधावे लागतात. आणि मग फोटोकडे बघता बघता माझ्या डोक्यात काहीतरी सरकलं. मला गुळाची ढेप आठवली.

आठवते का? कोठीतली ढेप कोण कुरतडतं म्हणून आईने उंदराला विष घातलं होतं. आणि मग सापडलीस तू, कोठीच्या अंधारात, तोंडाला गूळ, परकरात कच्चे तांदूळ, शिळी भाकर, बरणीतलं तूप, जे मिळेल ते. आईने तुला चुलीतल्या लाकडाने मारलं होतं आणि तू मार खाता खाता चावत होतीस. थांबली नाहीस. मला तेव्हा वाटायचं, ही हावरट आहे.

मग दुसरं आठवलं. माळ्यावर आपण दोघी झोपायचो. मी भिंतीकडे, तू जिन्याकडे. एक दिवस तू म्हणालीस, "हदासा, मला भिंतीकडची जागा दे. जिन्याकडून वारा लागतो मला." मी लहान, मला काय! मी उठून जिन्याकडे आले. पुढच्याच आठवड्यात तो आला.

वारा लागतो!

तुला माहीत होतं. तो आधी तुझ्याकडे येत होता. तू मला पुढे केलंस आणि भिंतीकडे तोंड करून झोपलीस. मी हाताने चाचपायची तेव्हा तुझी पाठ लागायची. तू जागी होतीस, मला आता कळतंय, झोपलेल्या माणसाची पाठ अशी ताठ नसते.

मी फोटो घेऊन गाढी नदीवर गेले, कपडे धुवायचं निमित्त. फोटो दगडावर ठेवला आणि तुझ्या चेहऱ्यावर धोपाटणं मारलं. मारत सुटले. धोपाटणं मोडलं, फोटोचा लगदा झाला, भाऊजीही गेले त्यात. फक्त बथूचा तुकडा उरला कडेचा. बारकी मान, दोन वेण्या. तेवढा मी पोलक्यात ठेवलाय.

आणि तिथेच बसून विचार केला, की लीया तेव्हा किती मोठी होती? बाराची. बारा वर्षांच्या पोरीला एकच वाट दिसली, भिंत. माझा राग गेला असं समजू नकोस, मी देवमाणूस नाही. पण तो राग उचलून मी जिथे ठेवायचा तिथे ठेवलाय. तू खात सुटलीस, मी टाकत सुटले, दोघींनी एकाच माणसाचं खाल्लं होतं. तू जाड झालीस की तो तुला हात लावणार नाही असं तुला वाटलं का? मला वाटायचं, मी हाडं झाले की लावणार नाही. आपण दोघीही मूर्ख. त्याला काही फरक पडला नाही. माझं तर मामी माहेरून इथे राहायला आली, म्हणून ते थांबलं; ती वारली तोवर मी मोठी झाले होते.

आता तुझ्या घरात भिंतीकडे कोण झोपणार, लीया? आणि जिन्याकडे कोण?

हदासा


पनवेल, २३ नोव्हेंबर १९५९

ताई,

अक्षर वाकडं आहे, डाव्या हाताने लिहितेय. उजवा फडक्यात बांधलाय. मी कोठीत आहे, बाहेरून कडी. हो, तुझ्याच कोठीत. साळू हे खिडकीच्या गजातून घेऊन जाईल.

तुझी ओळ आली नाही. मी महिनाभर पोस्टमनची वाट बघितली. आणि काल मामाच्या प्रवासाचा मलिदा झाला.

घर भरलं होतं. मशिदीतली सगळी माणसं, कोन-विचुंब्याकडचे आपले लोकसुद्धा. मोठ्या थाळ्यात मलिदा, पोहे, खोबरं, गूळ, वेलची, वर केळी आणि खजूर, मध्ये गुलाब. मी त्या वासापासून लांब, दाराशी उभी होते. हज्जानांनी एलियाहू हन्नाबीचं गाणं म्हटलं. आणि मग आपल्या घरचा रिवाज, प्रवासाला जाणाऱ्याला पहिली मूठ घरच्या मुलीने भरवायची. आई म्हणाली, "हदासा, ये. आज तरी नाही म्हणू नकोस. लोकांसमोर माझी अब्रू ठेव."

मी हात धुतले. खरंच सांगते, भरवून बाजूला होणार होते. मूठ भरली. मामा पाटावर, नवा कोट, काळी टोपी. सगळ्यांकडे बघून म्हणाला, "बघा, पोर स्वतःच्या हाताने भरवतेय!" लोक कौतुकाने हसले. मग मी वाकले तेव्हा खालच्या आवाजात, फक्त मला, म्हणाला, "बथूलाही अस्संच शिकवीन."

मी मूठ त्याच्या तोंडात घातली. मग दुसरी. त्याने हसत मान हलवली, पुरे. मी त्याचा जबडा धरला, जसा माझा धरला होता, आणि तिसरी कोंबली. "गीळ," मी म्हटलं, "मुकाट्याने गीळ." तो उठायला गेला, मी त्याच्या छातीवर गुडघा दिला. कुठून ताकद आली विचारू नकोस, करांद्याची असेल. पोहे त्याच्या नाकातून यायला लागले. डोळे बाहेर. तेव्हा तो चावला. बोटाचं हाड लागलं असं वाटलं. मी बोट काढलं नाही, ताई. दुसऱ्या हाताने थाळा उचलला, पितळेचा, बाबांच्या वेळचा, आणि त्याच्या तोंडावर घातला. परत घातला. त्याचे दात मलिद्यात पडले. गुलाबाजवळ.

मग पुरुषांनी मला केसाला धरून ओढलं. आणि मी ओरडले. त्याने माझ्याशी काय केलं ते सांगितलं, माळा, पुडी, सगळं, तिथे लहान पोरं होती तरी सांगितलं. एवढ्या वर्षांत कधी तोंड एवढं मोकळं वाटलं नव्हतं.

आणि कोणी विश्वास ठेवला नाही. मामा रक्त थुंकत म्हणाला, "उपाशी राहून राहून वेड लागलंय पोरीला." झालं. सगळ्यांनी माना हलवल्या. इतकी वर्षं ज्या रोज्यांचं कौतुक केलं तेच आता माझ्या वेडाचा पुरावा! कोणी म्हणालं, ठाण्याला वेड्यांच्या इस्पितळात पाठवा हिला. आईने मला थोबाडीत मारली, या गालावर, त्या गालावर, तिला नीट दिसत नाही तर एक कानावर बसली. "ज्याने तुम्हाला पोसलं त्याला? ज्याचं अन्न खाल्लंस त्याला?" मी म्हटलं, त्याचंच अन्न तर पोटात ठेवत नाही मी. तिला ते ऐकू गेलं नाही बहुतेक.

डॉक्टर म्हणाला जबडा मोडलाय, पण बसेल. कागद चालू आहेत. सूज उतरली की तो येणार. मी त्याचं तोंड फोडलं, पण त्याला थांबवणं माझ्या हातात नाही. एकटीचं कोणी ऐकत नाही. दोघींचं ऐकावं लागेल. तू माझ्याकडे पाठ करून झोपलेली बहीण आहेस. वळ एकदा.

साळू खिडकीशी आलीय. म्हणतेय, "आटप गो, म्हातारी येल."

हदासा


पनवेल, १३ डिसेंबर १९५९

लीयाताई,

तुझी तार पोचली. मी कोठीत आणि मामाचा जबडा बांधलेला, म्हणून वाचून दाखवायला कोणी नव्हतं. आईने हज्जानांना बोलावलं. तार इंग्रजीत, त्यांनी आधी मनात वाचली आणि परत घडी घातली. आई म्हणाली, वाचा की, काय झालं माझ्या लीयाला? मामा बाहेर ओट्यावर, जबड्याला फडकं बांधून पेज पीत होता. शेवटी हज्जानांनी मोठ्यांदा मराठीत सांगितलं, दार लावलेलं असूनही मला शब्द न् शब्द ऐकू आला: "राफेल नको. हदासा खरं सांगते. आधी माझ्याशी केलं. लीया."

मग चुलीतून लाकूड ओढल्याचा आवाज आला.

साळू परसात होती, तिने पाहिलं, तिच्याकडून ऐकलं. आई जळतं लाकूड घेऊन ओट्यावर गेली. दिसतंय कुठे तिला, ती आवाजावर गेली. तो बोलला असता तर नेमकं लागलं असतं, पण त्याला तोंड उघडता येत नव्हतं. पहिला फटका खांबावर बसला. दुसरा नव्या कोटावर. कोट पेटला, त्याने तो तसाच अंगातून काढून फेकला. आई ओरडत होती, "बोल, राफेल! एकदा बोल! खोटं आहे म्हण!" तो अनवाणी पळाला एस.टी.च्या दिशेने. हज्जानांनी अडवलं नाही, मागेही गेले नाहीत. त्याच दिवशी मशिदीची मंडळी बसली आणि त्याच्या कागदांसाठी दिलेला दाखला काढून घेतल्याचं पत्र मुंबईला गेलं. तो मुंबईत कुठेतरी आहे म्हणतात. तुझ्याकडे येणार नाही. बथू तुझी आहे, तिच्या खोलीत कोणी येणार नाही, हे मी तुला डाव्या हाताने लिहून देते.

आता ऐक. त्या दिवशी आईने कोठीची कडी काढली. माझ्यासमोर उभी राहिली. माझा चेहरा चाचपला, मग तो तुटका दात बोटाने चाचपला, आणि खाली बसली. माफी नाही मागितली. तिला ते शब्द येत नाहीत. पण तिने मला 'जेव' म्हटलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

पण त्या दिवसापासून आई जेवत नाही. ताट पुढे ठेवलं की बाजूला सारते. म्हणते, आज माझा रोजा आहे. मी हे ऐकलं आणि माझंच वाक्य ओळखलं. शेजारपाजारचे म्हणतात, भरव तिला, नाक दाबून भरव, नाहीतर जाईल. दमयंतीकाकू चमचा घेऊन आली होती. मी तिच्या हातातून चमचा ओढून परसात फेकला.

मग काल मी भात टाकला आणि वालाचं बिरडं केलं. एकच ताट वाढलं. आईच्या समोर मांडी घालून बसले आणि माझं ताट माझ्याकडे ओढलं. तिला दिसत नाही, पण ऐकू येतं. म्हणून मी आवाज करून जेवले, ताई. भुरके मारले, बोटं चाटली. घास तोंडात फिरत होता, तो हातही आला बरोबर, मी त्यालाही चावून गिळला. मध्ये ओकारी आली तेव्हा तांब्याभर पाणी प्यायले. आई मान वळवून ऐकत होती. ताट संपत आलं तेव्हा म्हणाली, "मीठ जास्त झालंय का गं?" मी म्हटलं, "बघ की."

तिने हात पुढे केला आणि माझ्या ताटातला एक घास घेतला.

पोटात राहिलं का ते विचारू नकोस. आईच्या राहिलं. तू तुझ्या कोठीत जाऊन खाऊ नकोस आता, बाहेर सगळ्यांबरोबर बसून खा, कमी-जास्त कसंही. आणि बथू कधी नको म्हणाली तर नाक दाबू नकोस, आधी तिला विचार, कोणी काय केलं.

भाऊजींचा फोटो मी ठेचला ते त्यांना सांगू नकोस. नवा पाठव. या वेळी तू मध्ये उभी राहा.

तुझी,
हदासा